संकल्पाचे पाणी

संस्कृतात एक फार सुंदर शब्द आहे, ‘मनोरथ’. मनाचा रथ. ह्या रथाला घोडे लागत नाहीत, वैरण लागत नाही, चाक मोडण्याची भीती नाही आणि नाक्यावर पावती फाडावी लागत नाही. ज्याच्या दारात साधी बैलगाडी नाही त्याच्याही घरी हा रथ सदैव जुंपलेला असतो. माणूस पानावर बसलेला दिसतो, पण पहिला घास तोंडाशी जाईपर्यंत तो काशीला जाऊन, विश्वेश्वराचे दर्शन घेऊन, येताना प्रयागला दोन दिवस मुक्काम करून परत आलेला असतो. भात मात्र तेवढ्यात निवतो. मग घरातल्या माउलीला विचारायचे, “आज भात गार का गं?”

पूर्वी हे मनोरथ मनातल्या मनात धावत. आता ते कागदावर, किंबहुना मोबाइलवर, उतरवून ठेवण्याची रीत पडली आहे. मरण्यापूर्वी करायच्या गोष्टींची यादी करायची आणि एकेक गोष्ट झाली की तिच्यापुढे खूण करायची. ह्या यादीला ‘बकेट लिस्ट’ म्हणतात. बकेट म्हणजे बादली हे आम्हालाही ठाऊक. पण बादलीचा आणि मरणाचा संबंध काय ते कळेना. नातीने खुलासा केला. इंग्रजी बोलीत माणूस गेला म्हणजे ‘त्याने बादलीला लाथ मारली’ असे म्हणतात. ती लाथ बसण्यापूर्वीची म्हणून ही बादलीची यादी. २००७ साली ह्या नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला आणि शब्द जगभर झाला. आपल्याकडे २०१८ साली ह्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

हा खुलासा ऐकून आम्हाला पंचतंत्रातला सातूच्या पिठाचा ब्राह्मण आठवला. भिक्षेत मिळालेल्या पिठाचा घडा खुंटीला टांगून हा खाली खाटेवर पडला आणि यादी करू लागला. दुष्काळ पडेल, पीठ चढ्या भावाने विकेन, शेळ्या घेईन. शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या. मग सोने, मग वाडा, मग रूपवती बायको, मग मुलगा. मुलाचे नावसुद्धा ठरले, सोमशर्मा. पुढे त्या सोमशर्म्याकडे आईचे लक्ष नाही म्हणून गृहस्थाने तिला मारायला स्वप्नातच लाथ उचलली, ती लागली खऱ्या घड्याला. पीठ सगळे अंगावर! इंग्रजांची बादली आणि आमचा घडा, लाथ एकच. फरक इतकाच की त्यांची लाथ यादीच्या शेवटी बसते, आमच्या ब्राह्मणाची मध्येच बसली.

पण यादी करणारे सगळेच खाटेवर पडून राहत नाहीत. अमेरिकेत जॉन गोडार्ड नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. घरची वडीलधारी माणसे ‘तुझ्या वयात अमुक करायला हवे होते, राहून गेले’ असे हळहळताना ऐकून ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने १९४० साली वहीत १२७ गोष्टी लिहून काढल्या. मोठमोठ्या नद्या, उंच डोंगर, दूरचे देश, सगळे त्यात होते. चंद्रावर जाऊन येणे हेही होते. पुढे १९५० साली तो दोन सोबत्यांसह लहान होड्या घेऊन खरोखरच नाईल नदीच्या उगमापासून मुखापर्यंत निघाला, आणि ती सफर पुरी झाली. २०१३ साली तो वारला, तोपर्यंत यादीतल्या शंभरावर गोष्टी उरकल्या होत्या. चंद्र मात्र राहिला. ह्या माणसाला हसू नये. वडिलांची हळहळ ऐकून त्याने वही काढली. आम्ही तीच हळहळ ऐकतो आणि अडकित्ता काढून सुपारी कातरतो.

आता आमच्या शिरोळ तालुक्याकडे वळू. इकडे कृष्णा, तिकडे पंचगंगा आणि मध्ये ऊस. उसाच्या फडात शिरलेला माणूस बाहेर येईतो निम्मे आयुष्य सरते. त्याच्याही मनात यादी असतेच. पहिली ओळ, एकरी शंभर टन. दुसरी, कारखान्याचे बिल वेळेवर मिळणे. ही गोष्ट साहसात धरावी की चमत्कारात, ह्याचा निर्णय अजून झालेला नाही. तिसरी, दारात चारचाकी. चौथी, पोराला पुण्याला नोकरी लागावी. पाचवी, पोराने पुण्याहून कधीतरी गावाकडे यावे. चौथी आणि पाचवी एका यादीत बसत नाहीत, हे त्याला कोणी सांगत नाही.

आम्हा कीर्तनकारांची यादी निराळी. मृदंगवाले वेळेवर यावेत. ऐन रंगात ध्वनिक्षेपकाने शीळ घालू नये. शेवटच्या गजरापूर्वी अर्धा मंडप उठू नये. आणि जन्मात एकदा तरी मंडळींनी “बुवा, आता आटपा” असे न म्हणता “बुवा, आणखी होऊ द्या” असे म्हणावे. चाळीस वर्षांत ह्यातल्या तीन गोष्टींपुढे खूण झाली आहे. चौथी कोणती राहिली ते श्रोत्यांनी ओळखावे.

असो. थट्टा पुरे झाली. आता मूळ प्रश्नाला हात घालू. आयुष्यात अमुक एक करीनच, असा हेतू धरून बसणे बरे की वाईट? परमार्थाच्या वाटेवरचे कित्येक जण सांगतात की इच्छा म्हणजेच बंधन. सगळ्या इच्छा टाका की मोकळे व्हाल. पण असे सांगणाऱ्याला आपण विचारावे, “महाराज, मोकळे व्हावे ही आपली इच्छा आहे ना?” म्हणजे यादी एका ओळीची का होईना, उरलीच.

शास्त्रकार आपल्यापेक्षा शहाणे होते. त्यांनी चार पुरुषार्थ सांगितले त्यांत ‘काम’ गाळला नाही. त्याला अलीकडे धर्म आणि अर्थ, पलीकडे मोक्ष, असा मधोमध बसवला. द्वाड पोराला पंगतीत दोन वडील माणसांच्या मध्ये बसवतात तसा. इच्छा करू नका, असे त्यांनी म्हटले नाही. इच्छा कशी करावी ह्याची मात्र एक पद्धत घालून दिली. त्या पद्धतीचे नाव संकल्प.

वाचकांपैकी पुष्कळांनी पाटावर बसून संकल्प सोडलेला असेल. भटजी काय काय उच्चारतात ते आठवून पाहा. आधी ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा कितवा भाग चालू आहे ते येते. मग कल्प, मग मन्वंतर, मग कलियुगाचा पहिला चरण. त्यानंतर जंबुद्वीप, भरतखंड, नदीचा कोणता तीर, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग आपले गोत्र आणि अगदी शेवटी आपले नाव. एवढ्या अफाट पसाऱ्यात आपला पत्ता सांगून झाल्यावर यजमान हळूच म्हणतो, “धाकट्याचं लग्न जमू दे.” मला वाटते, हा सारा लांबलचक पत्ता मुद्दामच ठेवलेला आहे. ब्रह्मदेवाच्या वयाजवळ आपले वय ठेवून पाहिले की निम्म्या इच्छा तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच लाजतात. जी त्यातूनही उरते ती खरी इच्छा. ती बोलायला हरकत नाही.

आणि बोलून झाल्यावर काय करायचे? उजव्या तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे. पाणी सोडल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही. आता आपल्या मराठीची गंमत बघा. ‘त्या पैशावर मी पाणी सोडले’ असे आपण केव्हा म्हणतो? त्यावरचा हक्क सोडला, आशा सोडली, असे म्हणायचे असते तेव्हा. इच्छा धरण्याचा विधी जो, तोच इच्छा सोडण्याचाही! ज्या क्षणी ‘हे मी करीन’ म्हणायचे त्याच क्षणी मूठ उघडायची. मूठ आवळलेली असेल तर पाणी बोटांच्या फटींतून गळेल, पण त्याला सोडणे म्हणत नाहीत.

ज्यांनी ही मूठ उघडली नाही अशांची पुराणांत वाण नाही. ययातीचेच पाहा. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आले, तेव्हा धाकट्या पूरूकडून त्याने तारुण्य मागून घेतले आणि हजार वर्षे आपली यादी पुरवत बसला. खुणा करून करून हात दुखला, यादी काही संपेना. अखेर त्याला कळले की आगीत तूप घालून आग विझत नसते. हजार वर्षांनी का होईना, त्याने तारुण्य पोराला परत दिले. तेवढे चांगले केले. त्रिशंकूची गोष्ट ह्याहून मौजेची. त्याच्या यादीत एकच ओळ होती, ह्याच देहाने स्वर्गात जायचे. विश्वामित्रांनी वर ढकलला, इंद्राने खाली लोटला, आणि तो मध्येच उलटा लोंबत राहिला. अर्धी खूण झालेली यादी कशी दिसते, हे रात्री दक्षिणेच्या आकाशाकडे पाहून समजून घ्यावे.

ह्यांच्या उलट कठोपनिषदातला नचिकेता. वयाने पोर. बापाने रागाच्या भरात ‘तुला मृत्यूला दिला’ म्हटले म्हणून हा यमाच्या दारात जाऊन तीन रात्री उपाशी बसला. अतिथी उपाशी राहिला म्हणून यमाने तीन वर दिले. मरणाच्या उंबरठ्यावर बसून केलेली ही खरी यादी, आणि तीही फक्त तीन ओळींची. आता पहिली ओळ काय ते पाहा. त्याने मागितले, माझ्या वडिलांचे मन शांत व्हावे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून आनंदाने जवळ घ्यावे. आत्मज्ञान तिसऱ्या ओळीवर! यमाने मध्येच हत्ती, घोडे, सोने, शंभर वर्षांचे पुत्रपौत्र, सगळे पुढे केले. पोराने त्यावर पाणी सोडले. पण बापाच्या काळजीवर सोडले नाही. यादी कोणाच्या नावाने सुरू होते, ह्यावरून माणसाची पारख होते.

ही झाली उपनिषदातली गोष्ट. आता आपल्या मराठी मुलुखातली, हाडामांसाच्या माणसाची एक सांगतो. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, पेणजवळ वरसई म्हणून गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरात कर्ज झालेले. १८५७ साली त्यांच्या कानावर आले की शिंद्यांच्या बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. झाले, चुलत्याबरोबर निघाले उत्तरेला. यादी साधी होती: दक्षिणा मिळवायची, कर्ज फेडायचे, जमले तर तीर्थे करायची आणि आईवडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घालायचे.

पण निघायला साल कोणते सापडले! वाटेत महूच्या सुमारास बंडाची बातमी कळली आणि बिचारे सत्तावनच्या वणव्यात सापडले. भिक्षुकाच्या पडशीत पंचांग आणि पळी-पंचपात्र. बाहेर तोफांचे गोळे. झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहराच्या आत. राणीसाहेबांना ह्यांनी डोळ्यांनी पाहिले, लूट पाहिली, कत्तल पाहिली. जे काही मिळवले होते ते लुटले गेले. मरणाच्या दाढेतून कितीदा सुटले त्याची गणती नाही. ह्यातले एकही साहस यादीत लिहिलेले नव्हते. ज्या दक्षिणेसाठी निघाले ती तर हवेतच विरली.

मग राहिले काय? खांद्यावरची कावड. सुमारे तीन वर्षांनी विष्णुभट घरी परतले ते गंगेचे पाणी घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. पुढे त्यांनी हा सगळा वृत्तान्त लिहून काढला. ‘माझा प्रवास’ ह्या नावाने तो भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. आज शिकलीसवरलेली माणसे तो सत्तावनच्या इतिहासासाठी वाचतात आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्या कीर्तनकाराला मात्र त्यातली हिशेबाची बाजू मोठी वाटते. स्वतःसाठी धरलेला हेतू लुटारूंनी नेला. दुसऱ्यासाठी धरलेला तेवढा घरी पोचला.

कावडीचे नाव निघाले आणि पैठणचे नाथ महाराज आठवले नाहीत असे वारकऱ्याच्या बाबतीत होणे नाही. काशीचे गंगोदक कावडीतून रामेश्वराला न्यायचे आणि देवाला अभिषेक करायचा, ही जुन्या काळच्या माणसाची आयुष्यातली सर्वांत मोठी आस. रेल्वे नाही, मोटार नाही, महिनोन्‌महिने पायी. नाथांची ती यात्रा परंपरेने आपल्याला सांगितली आहे. रणरणत्या उन्हात वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात घातले. बरोबरची मंडळी चरकली. नाथांनी त्यांना समजावले की माझा रामेश्वर मला इथेच भेटला.

ही गोष्ट सांगितली की समोरचा मंडप गहिवरतो. पण एकदा एका शेतकरी गृहस्थाने कीर्तन संपल्यावर मला गाठून रोकडा सवाल केला. म्हणाला, “बुवा, गोष्ट झ्याक हाय. पन वाटंवर गाढवं लई असत्यात. परत्येकाला पाजत बसलं तर रामेश्वर कुनी गाठायचा?”

प्रश्न खरा आहे, आणि ह्या लेखाचे सगळे मर्म त्याच्या उत्तरात आहे. समजा, नाथांनी रामेश्वराचा हेतू धरलाच नसता. पैठणच्या वाड्यात ‘देव सगळीकडेच आहे’ म्हणत स्वस्थ बसले असते. तर ते गाढव मेले असते. त्या वाळवंटात त्या वेळी पाण्याने भरलेली कावड घेऊन कोणी आले, ते कशामुळे? रामेश्वराला जायचा संकल्प होता म्हणून. मोठा हेतू माणसाला घराबाहेर काढतो, खांद्यावर पाणी देतो, चालायला लावतो. एवढे त्याचे काम. म्हणून मी इच्छा टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. ज्याची कावड रिकामी तो दयाळू असून पाजणार काय? आणि ज्याची कावड भरलेली, पण उतरवता येत नाही, तो पाण्याचा हमाल. रामेश्वराला पोचेल, अभिषेक करील, पण त्याच्या वाटेवर एक प्रेत पडलेले असेल.

तेव्हा त्या शेतकऱ्याला मी म्हटले, “पाव्हणं, वाटेवर गाढवं पुष्कळ असतात हे खरं, पण मरायला टेकलेलं असं आपल्या वाट्याला आयुष्यात दोनचारच येतात. तेवढ्यांपुरतं ओळखायला शिकायचं.” तो हसला. पटले की नाही ते त्याचे त्याला ठाऊक. पण पान खायला दिले.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू, जी कीर्तनात फारशी कोणी सांगत नाही. माझी एक आत्या होती. तिच्या यादीत एकच ओळ, काशी. त्यासाठी तिने पत्र्याच्या डब्यात पैसे साठवायला सुरुवात केली तेव्हा मी पाठशाळेत जाणारा पोर होतो. डबा भरत आला की घरात काहीतरी निघे. कोणाचे बाळंतपण, कोणाची फी, कोणाची विहीर खणायची. आत्या डबा आणून पुढे ठेवी आणि म्हणे, “जाऊ की पुढच्या वर्षी. काशी काय पळून जातेय?” ज्यांच्या शिक्षणाला तो डबा उघडला त्या पुतण्यांपैकी एक हा लेखक. आज जे चार शब्द तुमच्यापुढे मांडतो त्यांत त्या डब्यातले रुपये आहेत.

आमच्याकडे नृसिंहवाडीला बारा वर्षांनी कन्यागत महापर्वकाळ असतो. गुरू कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. २००४ सालच्या कन्यागताला आत्याने वाडीच्या घाटावर स्नान केले आणि ओल्या लुगड्याने वर येत म्हणाली, “मी गेले नाही, म्हणून तीच आली बघ.” २०१६ च्या कन्यागताला ती नव्हती.

आत्याने सोडलेल्या पाण्याला मी नाथांच्या कावडीहून कमी मानत नाही. तिला गंगा भेटली हेही मी मनापासून मानतो. तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घरातल्या कोणी तिला तिकीट काढून काशीला नेले असते, तर गंगेला काही राग आला नसता! वाचकहो, आपापल्या घरात नजर टाका. पुरुषांच्या यादीपुढे खुणा होतात आणि बायकांच्या यादीवर पाणी सुटते, हा योगायोग इतक्या घरांत एकसारखा कसा होतो? नाथांनी कावड स्वतःच्या हाताने उतरवली. कोणी मागून येऊन उपडी केली असती तर त्याला त्याग म्हटले नसते, नुकसान म्हटले असते. पाणी सोडायचे ते ज्याचे त्याने, आपल्या हाताने. दुसऱ्याच्या तळहातावरचे पाणी आपण ओतायचे आणि वर ‘ती किती त्यागी’ म्हणून डोळे पुसायचे, हे पुण्य नव्हे. ही उधारी आहे, आणि ती फेडायची असते.

पाणी सोडण्याचे एवढे बोललो. पण ह्या दोन नद्यांच्या काठी राहणाऱ्याला पाण्याचा आणखी एक शब्द पाठ आहे, ‘पाणी फिरणे’. पावसाळ्यात कृष्णा चढते. वाडीच्या मंदिरात पाणी शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार स्नानासाठी लोक लांबून येतात. नदी तेवढ्यावर थांबली तर सोहळा. थांबली नाही तर महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन साले आमच्या तालुक्यात कोणाला कॅलेंडर बघून सांगावी लागत नाहीत. वीस वर्षे यादी करून बांधलेले घर, खोलीला दिलेला रंग, मुलीच्या लग्नाचे सामान, उभा ऊस, सगळ्यावर पाणी फिरले.

आणि त्याच वेळी माणसांची खरी यादी दिसली. ऑगस्ट २०१९ मध्ये गावे पाण्याने वेढली. लष्कराच्या आणि आपत्ती दलाच्या बोटी दाराशी आल्या. ‘चला, वेळ नाही, जीव वाचवा.’ अशा घडीला माणूस काय म्हणतो? कित्येकांनी म्हटले, जनावरे सोडून आम्ही येणार नाही. म्हैस बोटीत बसत नाही आणि मालक म्हशीला सोडून बोटीत बसत नाही! सुटकेला आलेल्या जवानांची पंचाईत झाली. शहाणे लोक ह्याला अडाणीपणा म्हणतील, आणि जीव धोक्यात घालू नये हे मीही सांगेन. पण सगळ्या इच्छा पाण्याखाली गेल्यावर त्या माणसाच्या हातात जी एक ओळ उरली ती स्वतःच्या नावाची नव्हती, दावणीला हंबरणाऱ्या मुक्या जिवाची होती. ह्या लोकांना नाथांचे गाढव कोणी समजावून सांगावे? इकडे कोरड्या गावांतल्या बायकांनी रात्रंदिवस भाकऱ्या बडवून गाठोडी पाठवली. त्या भाकऱ्या कोणाच्याच बादलीच्या यादीत नव्हत्या.

राहता राहिली आपली वारी. कोणी म्हणेल, वारकऱ्याचाही आयुष्याचा हेतू पंढरपूर, मग त्यात आणि यादीत फरक काय? फरक मोठा आहे. यादीतली गोष्ट एकदा केली की तिच्यावर रेघ मारतात. ‘काश्मीर झालं, केरळ झालं, आता दुबई’. वारीवर रेघ मारता येत नाही. आषाढी करून आलेल्या वारकऱ्याला ‘पंढरपूर झालं का?’ असे विचारले तर तो म्हणेल, “यंदाचं झालं.” वारी म्हणजेच पुन्हा पुन्हा जाणे. तेथे पोचणे हे संपणे नसते. अलीकडे आपल्यातही ‘माझी पस्तिसावी’, ‘माझी चाळिसावी’ असे आकडे छातीवर लावणारे दिसतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की विठोबाने कमरेवर हात ठेवले आहेत, बोटे मोजत नाही तो.

तर सज्जनहो, यादी जरूर करा. साठी उलटलेल्यांनी तर अवश्य करावी. हातात अडकित्त्यापेक्षा वही बरी. विमानात बसायचे असेल तर बसा, हिमालय बघायचा असेल तर गुडघे शाबूत आहेत तोवर बघा, नर्मदेची परिक्रमा मनात असेल तर काठी घेऊन निघा. पण लिहिताना तीन गोष्टी पाहा. पहिली, यादीत आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे नाव आहे का. दुसरी, वेळ आली तर ही कावड खाली ठेवता येईल का. तिसरी, आपली यादी पुरी होण्यासाठी घरातल्या कोणाच्या हातचे पाणी आपण ओतत तर नाही ना. सुरुवातीला ज्या मराठी चित्रपटाचे नाव घेतले त्यात एका गृहिणीला गेलेल्या तरुण मुलीचे हृदय बसवतात, आणि ती त्या मुलीची राहिलेली यादी पुरी करायला निघते. कल्पना चांगली आहे. फक्त त्यासाठी कोणी मरायची वाट पाहू नये. आज रात्री जेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, नाहीतर वाढणाऱ्या माउलीलाच विचारा, “तुझं काय राहिलंय गं?” पहिल्यांदा ती “काही नाही” म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. २०२८ साली पुन्हा कन्यागत आहे. पण काशीची गाडी रोज सुटते.

रामकृष्ण हरि.